लांबचं आणि नेमकं : कापलेल्या फोटोंमधला विनोद

टेबलावर एक दिवा आहे. वर शेड, खाली बैठक, सगळं विजेच्या वस्तूंच्या जाहिरातीत असावं तसं. फक्त मधल्या दांड्याच्या जागी एक बाई आहे. नीटनेटके कपडे घातलेली, अंग दुमडून, शेड पेलून बसलेली. बाजूने एका पुरुषाचा हात चित्रात आलाय. तो तिच्या मानाने प्रचंड मोठा आहे आणि त्याचं बोट बटणाशी आहे.

हे चित्र पाहिल्यावर आधी हसू फुटतं. दोन-तीन क्षणांत ते घशाशी अडतं, कारण हा दिवा कोण लावतं आणि कोण विझवतं हे तोवर आपल्या ध्यानात आलेलं असतं. चित्राचं नाव ‘घरगुती वापराची विजेची उपकरणं’. ते केलं ग्रेटे स्टर्न यांनी. मूळच्या जर्मनीच्या, बाऊहाउस या कलाशाळेत शिकलेल्या स्टर्न नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडून पुढे अर्जेंटिनात स्थायिक झाल्या. १९४८ ते १९५१ या काळात ब्युनॉस आयर्समधल्या ‘इदिलिओ’ या बायकांच्या साप्ताहिकात एक सदर चालायचं. वाचक बायका आपली स्वप्नं लिहून पाठवायच्या, एक समाजशास्त्रज्ञ टोपणनावाने त्यांचा अर्थ लावायचा आणि त्या मजकुरासोबत छापायला स्टर्न कात्री, डिंक आणि कॅमेरा घेऊन स्वप्नाचं चित्र बनवायच्या. अशी १४० च्या आसपास चित्रं त्यांनी केली.

अशा चित्रांना फोटो-कोलाज किंवा फोटोमोंटाज म्हणतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या फोटोंचे तुकडे कापून, जोडून एक नवीनच दृश्य उभं करायचं. गंमत म्हणून हे कुणीही करू शकतं आणि पूर्वीपासून करतही आलंय. १८६० आणि १८७० च्या दशकांत ब्रिटनमधल्या श्रीमंत घरांतल्या बायका नातेवाइकांच्या छोट्या फोटोंमधली डोकी कापून जलरंगातल्या बदकांच्या मानेवर चिकटवायच्या. ते अल्बम आजही हसवतात. पण दिव्याच्या दांड्याजागी बसलेली बाई त्यांच्या खूप पुढे जाते. ती का जाते, हे समजलं की या कलेतला विनोद आणि तिचं तंत्र, दोन्ही एकदमच समजतात. मला तरी ते वेगवेगळे करता येत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी लागेल. ‘सर्रिअलिझम’ला मराठीत अतिवास्तववाद म्हणतात. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ या कवीने त्याचा जाहीरनामा लिहिला. ब्रेताँ वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात त्याने मनोरुग्ण सैनिकांच्या वॉर्डात काम केलं होतं आणि फ्रॉइडच्या विचारांचा त्याच्यावर मोठा पगडा होता. जागेपणीची शिस्तशीर बुद्धी आपल्याला अर्धंच जग दाखवते. उरलेलं अर्धं स्वप्नांत, बरळण्यात, योगायोगात आणि विनोदात सापडतं, असं त्या मंडळींचं म्हणणं. विनोदाला त्यांनी या यादीत फार वरचं स्थान दिलं. पुढे ब्रेताँने काळ्या विनोदाचा एक संग्रहच संपादित केला.

या लोकांना एक वाक्य फार प्रिय होतं. लोत्रेआमाँ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका तरुण कवीचं, १८६९ सालचं. कशाच्या तरी सौंदर्याची उपमा देताना तो म्हणतो : शवविच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची अचानक गाठ पडावी, तसं सुंदर. शाळेतल्या उपमांची सवय असलेल्या डोक्याला हे वाक्य ठेच लागल्यासारखं लागतं. पण नीट बघा, यात तीन वस्तू आहेत. शिवणयंत्र, छत्री आणि ते टेबल. दोन वस्तू एकमेकींना परक्या आहेतच, पण ज्या जागी त्या भेटतात ती जागाही दोघींना परकी आहे. त्यातच ते टेबल कापाकापीचं. चिरफाड करायच्या जागी दोन वस्तूंची ओळख होते, ही गोष्ट पुढे कात्री हातात घेणाऱ्यांनी बरोबर हेरली.

दुसरं वाक्य पिएर रेव्हर्दी या कवीचं, १९१८ सालचं. ब्रेताँने ते आपल्या जाहीरनाम्यात उद्धृत केलंय. त्याचा आशय असा की दोन वास्तवं जवळ आणल्यावर जन्मणारी प्रतिमा त्यांच्यातलं नातं जितकं लांबचं आणि नेमकं असेल तितकी बलवान होते. या वाक्यातलं ‘लांबचं’ सगळ्यांच्या लक्षात राहतं. ‘नेमकं’ हा शब्द लोक विसरतात. मला वाटतं, फसलेल्या बहुतेक कोलाजांचं कारण याच विसरण्यात आहे. माशाच्या अंगाला घड्याळ, घड्याळाला पंख, पंखांवर शिडी, शिडीवर बूट. सगळं लांबचं आहे, नेमकं काहीच नाही. बघणारा ‘अरे वा, विचित्र आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. दिव्यातल्या बाईपाशी तो थबकतो, कारण बाई आणि दिवा लांबचे असले तरी त्यांना जोडणारं बटण नेमकं आहे. लांबच्याने आपण दचकतो, नेमक्याने हसतो.

माक्स एर्न्स्ट या जर्मन चित्रकाराचं ‘चिनी नाइटिंगेल’ हे १९२० सालचं चित्र याचा उत्तम नमुना आहे. आकाराने ते अगदी लहान. गवतावर एक प्राणी पहुडलाय. त्याला नर्तकीचे दोन नाजूक हात आहेत, डोक्यावर तुऱ्यासारखा पंखा आहे आणि एक डोळा आहे. मधलं गुबगुबीत धड म्हणजे विमानातून टाकायचा बॉम्ब. युद्धातल्या हवाई शस्त्रांच्या फोटोंमधून एर्न्स्टने तो घेतला. आता नाइटिंगेल हा गाणारा पक्षी. पक्षी हवेतून येतो, बॉम्बही हवेतूनच येतो. पक्षी शीळ घालतो, पडणारा बॉम्बही शीळ घालतो. नातं जुळलं, आणि ते जुळलेलं कळल्यावर अंगावर काटा येतो. एर्न्स्टने महायुद्धाची सगळी वर्षं सैन्यात काढली होती. आपण १ ऑगस्ट १९१४ रोजी मेलो आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पुन्हा जिवंत झालो, असं त्याने स्वतःबद्दल लिहून ठेवलंय. त्या माणसाने बॉम्बला नाचरे हात लावून गवतावर लोळवलं, यातला खेळकरपणा किती महागात पडलेला असेल याचा मी अनेकदा विचार करतो.

त्याच वर्षीच्या त्याच्या आणखी एका चित्रात पाण्यावर एक आगबोट तरंगताना दिसते. ती आगबोट म्हणजे पालथा केलेला भुंगा. भुंग्याचं शास्त्रीय चित्र त्याने फक्त उलटं लावलं, त्याचे पाय वर गेले आणि बोट तयार झाली. कापण्याच्याही आधी कागद फिरवून बघायचा, ही या कलेतली बिनखर्चाची आणि सगळ्यात उपयोगी युक्ती.

आता फोटोच का? शब्दांनी अशक्य गोष्टी करायला आपण जुने आहोत. अशक्य वस्तूला आपल्याकडे ‘शशशृंग’ म्हणतात, सशाचं शिंग. शब्द उच्चारला की अर्थ कळतो, पण ससा काही शिंगासकट समोर उभा राहत नाही. चित्रकाराने तो रंगवला तर ती त्याची कल्पना म्हणून आपण सोडून देतो. फोटोचं तसं नाही. फोटो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. जे कॅमेऱ्यासमोर होतं तेच कागदावर उतरतं, असा आपला विश्वास असतो, आणि तंत्राबद्दल सगळं माहीत असूनही डोळे हा विश्वास सोडत नाहीत. सशाच्या डोक्यावर नीट रुजलेलं शिंग फोटोत दिसलं की मन एकाच वेळी ‘हे आहे’ आणि ‘हे शक्य नाही’ असं दोन्ही म्हणतं. हसू त्या दोन वाक्यांच्या फटीतून बाहेर पडतं. विनोद सांगणारा स्वतः हसला तर विनोद पडतो. फोटो कधीच हसत नाही. या कामासाठी त्याच्याइतका गंभीर चेहऱ्याचा निवेदक दुसरा कुणी नाही.

या गंभीर चेहऱ्याचं करायचं काय, याबद्दल मात्र दोन अगदी वेगळ्या पद्धती होत्या. एकीत सांधा दाखवायचा, दुसरीत लपवायचा.

सांधा दाखवणाऱ्यांत बर्लिनच्या दादावादी मंडळींचा, म्हणजे कलेच्या प्रस्थापित संकेतांची मुद्दाम टर उडवणाऱ्या गटाचा, नंबर पहिला. हे अतिवास्तववाद्यांच्या किंचित आधीचे. ‘फोटोमोंटाज’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. जर्मनमध्ये ‘मोंत्योर’ म्हणजे यंत्राचे भाग बसवणारा कारागीर, जोडारी. आपण चित्रकार नसून जोडारी आहोत, असं त्यांना सांगायचं होतं. त्यांच्यातली हाना ह्योख दहा वर्षं एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे आणि कपड्यांचे नमुने काढायची नोकरी करत होती. सचित्र मासिकांचा ढीग हाताशी आणि कात्रीवर हात बसलेला. १९१९ च्या सुमाराचं तिचं मोठं कोलाज एक मीटरहून उंच आहे आणि त्याच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातली सुरी येते. त्यात फील्डमार्शल हिंडेनबुर्गचं करडं डोकं एका नर्तकीच्या धडावर बसलंय. कैसर विल्हेल्मच्या त्या जगप्रसिद्ध मिशीच्या जागी दोन पैलवान आहेत. ह्योख काहीच लपवत नाही. कापलेल्या कडा दिसतात, डोकी धडांपेक्षा मोठी आहेत. ते तसंच हवं. सम्राटाची मिशी सुरीने निघू शकते, ही बातमी त्या उघड्या कडेतूनच कळते.

सांधा लपवणाऱ्यांचा मेरुमणी पुन्हा एर्न्स्टच. १९३३ साली इटलीतल्या एका किल्ल्यात मुक्कामी असताना साधारण तीन आठवड्यांत त्याने १८२ कोलाजं केली. पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली. यात त्याने फोटो फारसे वापरले नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांमधली आणि मासिकांमधली लाकडी ठशांची चित्रं कापली. हे कागद निवडण्यामागे डोकं होतं. ठशांच्या चित्रात सगळं काही बारीक समांतर रेघांनी काढलेलं असतं, मग ती भिंत असो, झगा असो की पक्ष्याचं डोकं. रेघेला रेघ मिळाली की सांधा गायब. शिवाय त्याने मूळ चिकटवलेले कागद पुढे केले नाहीत, त्यांच्यावरून छापलेलं पुस्तक पुढे केलं. छपाईत सगळं एकाच शाईत, एकाच कागदावर येतं. कडेची जाडी, डिंकाचा फुगवटा, कागदांचे वेगवेगळे पिवळेपणे, सगळं पुसलं जातं. दिवाणखान्यात पक्ष्याच्या डोक्याचा गृहस्थ बसलाय आणि बाकीच्यांना त्याचं काहीच वाटत नाही, हा विनोद त्या सफाईवर उभा आहे. तिथे एक जरी कड उचललेली दिसली असती तर तो पक्षी नुसता मुखवटा झाला असता. पिसांनी पिसारा होत असला तरी डिंकाने कोलाज होत नाही, अशी फ्रेंच शब्दांवरची एक कोटीही त्याच्या नावावर आहे.

स्टर्न आणि फ्रेंच छायाचित्रकार डोरा मार यांनी हेच फोटोत साधलं. तुकडे चिकटवायचे आणि त्या चिकटवलेल्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. दुसरा फोटो झाला की पहिल्याच्या जखमा भरून येतात. डोरा मारच्या १९३४ सालच्या एका चित्रात वाळूवर शंख पडलाय आणि त्यातून गोगलगाय बाहेर यावी तसा एक देखणा, नखं रंगवलेला हात बाहेर आलाय. मागे ढगांतून उतरणारा नाटकी उजेड. तिच्याच १९३६ सालच्या दुसऱ्या चित्रात दगडी बोगद्यासारख्या जागेत एक मुलगा पाठीत कमान टाकून वाकलाय, डोळे पांढरे. बघताना पायाखालची जमीन सरकते आणि कारण पटकन उमगत नाही. मग कळतं की बोगद्याचा फोटो उलटा लावलाय. मुलगा उभा आहे ते खरं तर छत आहे.

हाताने करून बघणाऱ्यांसाठी थोडं खोलात जातो, कारण सगळ्या अडचणी इथेच येतात. पहिली बाब उजेडाची दिशा. मूळ फोटोत प्रकाश डावीकडून येत असेल आणि चिकटवलेल्या माणसाच्या नाकाची सावली डावीकडे पडत असेल, तर बघणाऱ्याला चूक सांगता येणार नाही, पण विश्वास उडेल. तुकडा आरशातल्यासारखा पलटून छापला की बरेचदा काम होतं. दुसरी बाब डोळ्याची पातळी. एक फोटो उभ्याने घेतलेला आणि दुसरा जमिनीलगत बसून, तर ती दोन माणसं एका खोलीत कधीच नांदत नाहीत. तिसरी, पायाखालची सावली. ती नसली की वस्तू तरंगते. हत्ती कपात बसवायचा असेल तर हत्तीपेक्षा कपाच्या आत पडणाऱ्या त्याच्या सावलीवर जास्त वेळ द्यावा लागतो.

कडांचं काम वेगळंच. कापलेल्या जाड कागदाची कड पांढरी दिसते; जुने कारागीर मागून पॉलिश पेपर मारून ती पातळ करत आणि पुढून पेन्सिलीने काळवंडून टाकत. पुन्हा फोटो घेताना दोन्ही बाजूंनी सारखा उजेड ठेवला की कडेची सावली पडत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोंत ही सगळी कसरत सोपी जाते, कारण फक्त उजळ-गडद जुळवायचं असतं. रंग आले की दहा प्रकारचे पिवळे आपापसांत भांडायला लागतात. आज हे सगळं संगणकावर होतं आणि कडा आपोआप मऊ होतात. उजेडाची दिशा, डोळ्याची पातळी आणि पायाखालची सावली मात्र तिथेही माणसालाच बघावी लागते.

शब्दांवर चालणारा एक मोठा विभाग राहिला. वाक्प्रचार शब्दशः घ्यायचा आणि त्याचा फोटो दाखवायचा. मॅन रे या अमेरिकी छायाचित्रकाराचा १९२४ सालचा तो प्रसिद्ध फोटो आठवा : डोक्याला फेटा बांधलेल्या स्त्रीची उघडी पाठ आणि तिच्यावर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार छिद्रं. पाठ आणि व्हायोलिन यांचं आकारातलं साम्य कुणालाही दिसतं. पण फ्रेंच माणसाला नाव वाचून आणखी एक खिडकी उघडते. आंग्र हा जुना चित्रकार व्हायोलिनही हौसेने वाजवायचा, म्हणून ‘आंग्रचं व्हायोलिन’ म्हणजे फ्रेंचमध्ये छंद. शिवाय ती स्त्री आंग्रच्या चित्रांतल्या स्नान करणाऱ्या बायकांसारखीच बसलीय. हे सगळं दोन छिद्रांत. त्या फोटोची एक मूळ प्रत २०२२ साली लिलावात १ कोटी २४ लाख डॉलरना गेली. हौशीच्या थट्टेखाली एक बाई वाजवण्याची वस्तू होते, हेही त्यात आहेच, आणि आज बघताना ते डोळ्याआड करता येत नाही.

याच युक्तीला जॉन हार्टफिल्ड या जर्मन कलावंताने शस्त्र बनवलं. तो अतिवास्तववादी नव्हता, पण त्याच्याशिवाय हा विषय अपुरा राहील. लोखंडाने साम्राज्य बलवान होतं, लोण्याने आणि चरबीने फार तर माणसं लठ्ठ होतात, असं नाझी नेता गोरिंग एका भाषणात म्हणाला होता. प्रागमध्ये आश्रय घेतलेल्या हार्टफिल्डने १९३५ च्या डिसेंबरात एक चित्र छापलं. एक कुटुंब जेवायला बसलंय आणि सायकलीचे भाग खातंय, बाळ कुऱ्हाड चावतंय, कुत्रा नट-बोल्ट चाटतोय. भिंतीच्या कागदावर स्वस्तिकांची नक्षी. खाली शीर्षक : हुर्रे, लोणी संपलं! चित्रात गोरिंगच्या विरोधात एकही शब्द नाही. त्याचंच म्हणणं ताटात वाढलंय.

आपल्या भाषेत हे करून बघायला किती जागा आहे! ‘पोटात कावळे ओरडतात’ घ्या. पोटाचा एक्स-रे आणि त्यात कावळे. कल्पना ऐकूनच हसू येतं, पण कात्री घेतल्यावर खरी परीक्षा सुरू होते. व्यंगचित्रातला कावळा लावला तर विनोद तिथेच मेला. साध्या फोटोतला काळा कावळा लावला तरी तो एक्स-रेवर चिकटवलेलाच दिसतो, कारण एक्स-रेमध्ये घट्ट वस्तू पांढऱ्या उमटतात. म्हणजे कावळ्याची निगेटिव्ह हवी, त्याहून चांगला खऱ्या पक्ष्याचा एक्स-रे : बारीक पांढरी हाडं, चोच उघडी. आणि किती कावळे? मी एकच ठेवीन, फार तर दोन, फासळ्यांच्या जरा खाली. पाच ठेवले की बघणारा मोजायला लागतो आणि मोजणारा माणूस हसत नाही.

कमीत कमी तुकड्यांत हे कुठवर नेता येतं ते जॉन स्टेझेकर या ब्रिटिश कलावंताने दाखवलंय. ‘मास्क’ या त्याच्या मालिकेत जुन्या सिनेनटांचे फोटो आहेत आणि प्रत्येक चेहऱ्यावर एक निसर्गदृश्याचं पोस्टकार्ड. बस्स. पोस्टकार्ड तो कापतही नाही, नुसतं ठेवतो. पण पुलाच्या कमानी जिथे येतात तिथे डोळे दिसायला लागतात आणि गुहेचं तोंड जिथे येतं तिथे आपण नकळत चेहरा वाचतो.

घरी एखादा जुना छापील चेहरा आणि एखाद्या दृश्याचं कार्ड असेल तर हे करून बघा. कार्ड चेहऱ्यावर ठेवा आणि हळूहळू सरकवा. बराच वेळ काहीच होत नाही, दोन कागद एकमेकांवर पडलेले असतात. मग कुठेतरी केसाएवढं अंतर सरकल्यावर दरीची कड गालाच्या रेषेला मिळते, झाडाची सावली भुवईला भिडते आणि दरी तुमच्याकडे बघायला लागते. बोटाने कार्ड तिथेच दाबून धरा. डिंक घ्यायची वेळ आली.